परवाना कशासाठी होता? दिल्लीच्या चित्रपटगृहांचा एक प्रशासकीय धडा

दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधील रिगल हे चित्रपटगृह ३० मार्च २०१७ रोजी बंद झाले. १९३२ मध्ये उघडलेल्या या वास्तूला निरोप देण्यासाठी शेवटच्या दिवशी राज कपूरचे जुने चित्रपट लावण्यात आले होते, आणि अनेक वृद्ध प्रेक्षक मुद्दाम आले होते. वर्तमानपत्रांनी त्यावर हळहळ व्यक्त केली. ती स्वाभाविकच होती. परंतु शासनयंत्रणेत काम करणाऱ्या माणसाला अशा वास्तूकडे पाहताना आणखी एक गोष्ट दिसते. ती म्हणजे तिचा परवाना. पडद्यावर काय दिसले याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. या परवान्याच्या कागदाचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते प्रशासनाने शिकण्यासारखे बरेच काही त्यातच आहे.

मुळात चित्रपट दाखवण्यासाठी शासनाचा परवाना का लागावा? आपल्याकडे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. त्यानंतर वर्ष उलटायच्या आत, ४ मे १८९७ रोजी, पॅरिसमधील एका धर्मादाय बाजारात प्रक्षेपकाच्या ईथरच्या दिव्यामुळे आग लागली आणि सव्वाशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळची फिल्म नायट्रेटची होती. ती क्षणात पेट घेई आणि एकदा पेटली की विझत नसे. गावोगावच्या सभागृहांत, जत्रेच्या तंबूंत, बंद पडलेल्या दुकानांत असे खेळ होऊ लागले, तेव्हा इंग्लंडने १९०९ मध्ये कायदा केला आणि परवाने देण्याचे काम स्थानिक परिषदांकडे सोपवले. हेतू एकच होता, तो म्हणजे प्रेक्षकाचा जीव वाचवणे.

पण परवाना ही मोठी मोहाची वस्तू आहे. लवकरच लंडनच्या परिषदेने रविवारी खेळ करू नयेत अशी अट परवान्यात घातली. प्रकरण न्यायालयात गेले. कायदा आगीसाठी आहे, रविवारसाठी नाही, असे चित्रपटगृहाचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही आणि परवान्याच्या अटी आगीपुरत्याच मर्यादित असल्या पाहिजेत असे नाही, असे ठरवले. तेव्हापासून इंग्लंडमधल्या लहानसहान गावांच्या परिषदाही आपल्या गावाने रविवारी काय करावे आणि कोणता चित्रपट पाहावा हे परवान्याच्या आधारे ठरवू लागल्या. पुढे १९१६ मध्ये युद्धखर्चासाठी तिकिटांवर करमणूक कर बसला. युद्ध संपले, तरी कर १९६० पर्यंत राहिला.

भारतात १९१८ चा चित्रपट कायदा आला तो याच वळणाने. त्याने शासनाच्या हाती दोन वेगळे अधिकार दिले. एक, चित्रपट संमत करण्याचा. दुसरा, जागेला परवाना देण्याचा. परवाना जिल्हा दंडाधिकाऱ्याने द्यावा, इलाख्यांच्या राजधान्यांत पोलिस आयुक्ताने द्यावा, आणि प्रेक्षकांच्या सुरक्षिततेची पुरेशी व्यवस्था झाली आहे अशी खात्री पटल्याखेरीज तो देऊ नये, असे कायद्यात स्पष्ट म्हटले होते. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने हे दोन अधिकार विभागले. चित्रपट संमत करणे केंद्राकडे गेले, चित्रपटगृहे राज्यांकडे राहिली. म्हणूनच १९५२ च्या केंद्रीय कायद्याचा परवान्यांविषयीचा तिसरा भाग फक्त केंद्रशासित प्रदेशांना लागू आहे. आपल्याकडे १९५३ चा मुंबई कायदा आला. आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात फिरणारा प्रेक्षक मेट्रोने दिल्लीहून नोएडाला किंवा गुरुग्रामला जातो, तेव्हा त्याच्या नकळत चित्रपटगृहाचा कायदा बदललेला असतो. दिल्लीत केंद्राचा, नोएडात उत्तर प्रदेशाचा, गुरुग्रामात हरियाणाचा. बाहेर पडण्याचा दरवाजा मात्र तिन्हीकडे सारखाच रुंद असायला हवा.

दिल्लीच्या जीवनात या चित्रपटगृहांचे स्थान काय होते, हे समजण्यासाठी एकच आकडा पुरेसा आहे. १९४१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या सुमारे ९ लाख १८ हजार होती. १९५१ मध्ये ती १७ लाख ४४ हजार झाली. फाळणीने उखडलेली लाखो माणसे या शहरात आली. त्यांना शेजार नवा होता, नातलग विखुरले होते, घरे दाटीची होती. अशा शहरात काही आण्यांत तीन तास पंख्याखाली बसता येईल अशी जागा म्हणजे चित्रपटगृह. १९५४ मध्ये असफ अली मार्गावर डिलाइट उघडले. ते जुन्या आणि नव्या दिल्लीच्या सीमेवर होते, आणि दोन्हीकडचे लोक तेथे येत. आपल्या जत्रांतील फिरत्या तंबूने गावासाठी जे केले, तेच या वास्तूंनी महानगरासाठी केले. सगळे गाव एका छपराखाली आणले. खुर्चीचा दर्जा वेगळा असला तरी हसू आणि रडू एकाच वेळी येई. नवी दिल्लीच्या नगरपालिकेने तर चाणक्यपुरीत स्वतःच्या मालकीचे चाणक्य चित्रपटगृह उभे केले. ते १९७० मध्ये सुरू झाले आणि डिसेंबर २००७ मध्ये बंद पडले. बाग किंवा वाचनालय जशी नागरी सोय, तसेच चित्रपटगृहही, असा विचार एकेकाळी नगरपालिकेला करता आला, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

शासनाचे लक्ष या वास्तूंकडे निश्चितच होते. पण ते कोणत्या गोष्टींकडे होते? मुंबई इलाख्याने १९२३ मध्येच करमणूक शुल्काचा कायदा केला होता, आणि इतर राज्यांनीही तोच मार्ग धरला. जिल्ह्यात काम केलेल्या माझ्या पिढीच्या अधिकाऱ्यांना आठवत असेल, करमणूक कराचे निरीक्षक तिकिटांची अर्धुके मोजत, रकमेचा मेळ घालत, आणि वसुलीचे उद्दिष्ट पूर्ण झाले की नाही हे दरमहा बैठकीत विचारले जाई. १९५२ च्या कायद्याने आणखी एक काम दिले. मुख्य चित्रपटाबरोबर माहितीपट आणि वृत्तपट दाखवण्याची सक्ती परवान्याद्वारे करता येऊ लागली. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे वृत्तपट दोन पिढ्यांनी पाहिले ते या तरतुदीमुळे. ही कामे वाईट होती असे मी म्हणत नाही. पण कराला उद्दिष्ट होते, वृत्तपटाला वेळापत्रक होते, आणि दोन्हींसाठी जाब विचारणारा वरिष्ठ होता. बाल्कनीतून बाहेर पडायला किती सेकंद लागतात, हे कोणत्याही मासिक बैठकीच्या कार्यसूचीवर नव्हते.

याची किंमत दिल्लीच्या ग्रीन पार्कमधील उपहार चित्रपटगृहात मोजावी लागली. ही कथा न्यायालयीन निकालपत्रांत तपशिलाने नोंदलेली आहे, आणि प्रत्येक परिविक्षाधीन अधिकाऱ्याने ती वाचावी असे मला वाटते.

उपहार १९७३ मध्ये सुरू झाले. इमारतीच्या तळाशी वाहनतळ होता आणि तेथेच वीज मंडळाचे रोहित्र बसवलेले होते. ३० सप्टेंबर १९७६ च्या अधिसूचनेने जादा खुर्च्यांची मुभा मिळाली आणि बाल्कनीत ४३ खुर्च्या वाढल्या. त्यासाठी उजव्या बाजूची जाण्यायेण्याची वाट गेली. १९७९ मध्ये प्रशासनाने ही सवलत मागे घेतली. चित्रपटगृहांचे चालक उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने नियमांशी सुसंगत खुर्च्या कोणत्या हे पाहण्यास सांगितले, आणि त्या तपासणीअंती ४३ पैकी ३७ खुर्च्या तशाच राहिल्या. उजवी वाट बंद ती बंदच.

जून १९८३ मध्ये दिल्लीतील एका उंच इमारतीला आग लागल्यावर यंत्रणा जागी झाली. चित्रपटगृहांची संयुक्त तपासणी झाली, अनेक दोष आढळले, आणि उपहारसह काही चित्रपटगृहांचे परवाने चार दिवसांसाठी निलंबित करण्यात आले. न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. पुढे काय व्हायला हवे होते? स्थगिती उठवण्याचा प्रयत्न, फेरतपासणी, दोषांची पूर्तता. प्रत्यक्षात झाले ते असे की नियमित परवान्याऐवजी दोन-दोन महिन्यांचे तात्पुरते परवाने दिले गेले, आणि ही पद्धत १९९७ पर्यंत, म्हणजे चौदा वर्षे, चालू राहिली. नस्तीवर काम करणाऱ्या माणसाला या वाक्याचा अर्थ लगेच कळेल. ज्याला नकार देता येत नाही आणि होकार देण्याचे धैर्य नाही, तो मुदतवाढ देतो. मुदतवाढ हा निर्णयच नसतो, निर्णय टाळण्याची ती सर्वांत सभ्य रीत असते. १९८९ मध्ये याच इमारतीतील रोहित्राला एकदा आग लागून गेली होती. तात्पुरते परवाने त्यानंतरही येतच राहिले.

१३ जून १९९७ रोजी सकाळी त्या रोहित्रात बिघाड होऊन आग लागली. घाईने दुरुस्ती झाली आणि वीजपुरवठा पुन्हा सुरू करण्यात आला. दुपारच्या खेळाला ‘बॉर्डर’ लागला होता. पाचच्या सुमारास रोहित्राने पुन्हा पेट घेतला, आग जवळच्या मोटारींना लागली, आणि जिन्याच्या पोकळीतून धूर बाल्कनीत चढला. सावध करणारी घोषणा झाली नाही. बाहेर पडण्याची एक वाट खुर्च्यांनी अडवलेली होती. एकूण ५९ माणसे मेली, शंभराहून अधिक जखमी झाली. बहुतेक मृत्यू भाजून झाले नव्हते, गुदमरून झाले होते. परवान्याची कल्पना ज्या आगीतून जन्मली, ती प्रक्षेपकातून येणारी होती. येथे आग वाहनतळातून आली. पण पॅरिसप्रमाणेच येथेही खरा प्रश्न वेळेत बाहेर पडण्याचा होता.

पुढचा न्यायालयीन प्रवास मृतांच्या नातेवाइकांच्या संघटनेने चालवला. २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी चालक, वीज मंडळ, महानगरपालिका आणि परवाना प्राधिकारी या चौघांवर वाटून टाकली. १३ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रकमा कमी केल्या, चालकांवर ८५ टक्के आणि वीज मंडळावर १५ टक्के भार ठेवला, आणि महानगरपालिका व परवाना प्राधिकारी यांना भरपाईच्या दायित्वातून मुक्त केले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. परंतु कायदेशीर दायित्व नाही म्हणजे जबाबदारी नाही, असा अर्थ प्रशासनाने काढला, तर तो आपणच आपल्या पदाचा केलेला अवमान ठरेल.

नियतीचा योग असा की त्याच १९९७ साली दिल्लीच्या साकेतमध्ये अनुपम हे देशातील पहिले मल्टिप्लेक्स सुरू झाले. एकपडदा चित्रपटगृहांचे युग तेथून मावळू लागले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांचा करमणूक कर त्यात विलीन झाला. तिकिटांची अर्धुके मोजणारा निरीक्षक इतिहासजमा झाला. परवान्यावर लादलेली ओझी अशी एकेक करून उतरत आहेत. मग आता तरी मूळ प्रश्न समोर येतो का?

२७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरमध्ये एका शिकवणी वर्गाच्या तळघरात पाणी शिरून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तीन विद्यार्थी बुडून मेले. तळघराला मंजुरी साठवण आणि वाहनतळासाठी होती, प्रत्यक्षात तेथे वाचनालय चालत होते. पुढे उद्या आपल्याच सेवेत आले असते अशी ती मुले. जून २०२५ मध्ये दिल्लीत उपाहारगृहे, हॉटेले, जलतरण तलाव, सभागृहे आदी सात प्रकारच्या परवान्यांचे काम पोलिसांकडून काढून घेण्यात आले. त्यामागचा विचार योग्यच असेल. पण टेबल बदलल्याने प्रश्न बदलत नाही.

म्हणून परवान्याची नस्ती समोर आली की कर भरला आहे का, शुल्क जमा आहे का, मागील परवान्याची प्रत जोडली आहे का, हे जरूर पाहावे. पण सही करण्यापूर्वी एकदा त्या जागी जावे, सर्वांत आतल्या खुर्चीवर बसावे, आणि दिवे गेले असे समजून दरवाज्यापर्यंत चालत यावे. वाटेत काही आडवे आले, तर मुदतवाढ देऊ नये. १९१८ च्या कायद्याने अधिकाऱ्याकडून खात्री मागितली होती, आणि ती कार्यालयात बसून होत नाही.