बाजार थांबतो, देणं थांबत नाही

आमच्या हॉस्टेलमधल्या एका ज्युनियरने गेल्या वर्षी एका छोट्या कंपनीचे दोनशे शेअर सकाळी 'शॉर्ट' केले. म्हणजे हातात नसलेले शेअर आधी विकले, दुपारी स्वस्तात घेऊन परत करू अशा हिशेबाने. दुपारी भाव वरच्या सर्किटला जाऊन चिकटला. विकत घेणाऱ्यांची रांग, विकणारा एकही नाही. साडेतीन वाजले, बाजार बंद झाला. पुढे ऑक्शन झालं आणि त्याच्या खात्यातून जी रक्कम कापली गेली, तिच्यात त्याचा दोन महिन्यांचा मेसचा खर्च निघाला असता. तो माझ्या खोलीत येऊन म्हणाला, "दादा, सौदाच होत नव्हता, मग माझं देणं कसं काय चालू राहिलं?"

माझं पदव्युत्तर शिक्षण गणितातलं, आणि पीएच.डी. चालू आहे शेअर बाजारांच्या नियमांच्या इतिहासावर. त्यामुळे त्याला उत्तर द्यायला मी सरळ १९२० सालच्या न्यूयॉर्कला गेलो. तुम्हीही चला.

आधी एक साधी गोष्ट. शेजाऱ्याकडून तुम्ही वाटीभर साखर उसनी आणलीत, तर परत साखरच द्यायची असते. तुमचं देणं पैशात नसतं, वस्तूत असतं. शॉर्ट सौदा अगदी तसाच. तुम्ही कुणाचे तरी शेअर उसने घेता, विकता आणि नंतर बाजारातून घेऊन परत करता. पण वाण्याचं दुकानच बंद झालं तर? साखर द्यायचीच आहे, मिळत मात्र नाही. शेअरचे व्यवहार स्थगित झाले किंवा शेअर यादीतून काढला गेला की शॉर्टवाल्याचं असं होतं. कंपनी बुडाली आणि शेअर कवडीमोल झाला, म्हणजे त्याचा अंदाज शंभर टक्के बरोबर ठरला, तरी शेअर परत करेपर्यंत किंवा ते कायदेशीररीत्या रद्द होईपर्यंत सौदा खात्यात उघडाच राहतो आणि उसनवारीचं भाडंही चालू राहू शकतं.

आता १९२०. इंडियानापोलिसची स्टट्झ ही मोटार कंपनी 'बेअरकॅट' या झोकदार गाडीसाठी प्रसिद्ध होती. कंपनीवर ताबा होता ॲलन रायनचा, तो स्वतः न्यूयॉर्क शेअर बाजाराचा सभासद. वर्षाच्या सुरुवातीला शेअर साधारण १०० डॉलरला होता. भाव फुगलाय असं मानून मंदीवाल्यांनी तो शॉर्ट करायला सुरुवात केली. रायनने कर्ज काढून समोर येईल तो शेअर विकत घेतला, आणि गंमत म्हणजे मंदीवाल्यांना लागणारे उसने शेअरही तोच पुरवत होता.

इथे थोडं गणित, घाबरू नका. समजा कंपनीचे एकूण १०० शेअर आहेत आणि सगळे माझ्याकडे आहेत. मी तुम्हाला १० उसने दिले. तुम्ही ते बाजारात विकले आणि घेणारा मीच. आता माझ्या हातात १०० शेअर आहेत, शिवाय तुमच्याकडून १० येणं आहे. म्हणजे अस्तित्वात १०० आणि माझा हक्क ११० वर! तुम्ही कुठेही शोधा, ते १० शेअर माझ्याशिवाय कुणाकडे नाहीत. मग भाव मी म्हणेन तो. बाजाराच्या भाषेत याला 'कॉर्नर' करणं म्हणतात.

३१ मार्च १९२० ला स्टट्झचा भाव ३९१ डॉलरला पोचला. त्याच दिवशी बाजाराच्या समितीने रायनला बोलावून घेतलं, आणि स्टट्झचे व्यवहार स्थगित झाले. पुढे बाजाराने असा पवित्रा घेतला की, शेअर मिळतच नाहीत म्हणून एखाद्याने डिलिव्हरी दिली नाही, तर त्याने करार मोडला असं मानलं जाणार नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचलं. सौदा झाला तेव्हा हा नियम नव्हता, सौदा अडकल्यावर तो आला. रायन भडकला. एप्रिलमध्ये त्याने सभासदत्वाचा राजीनामा दिला. त्याचा आक्षेप असा की ही संस्था फक्त स्वतःलाच जबाबदार आहे, आणि समितीतली माणसं स्वतःचे पैसे अडकलेल्या प्रकरणात गुपचूप न्यायनिवाडा करू शकतात. रायन काही संत नव्हता, पण त्याचा मुद्दा खोटा नव्हता. शेवटी त्याच महिन्यात तडजोड झाली. ५८ ब्रोकर कंपन्यांनी मिळून सुमारे ५,५०० शेअर शॉर्ट केले होते, त्यांनी दर शेअरला ५५० डॉलर मोजून सुटका करून घेतली. म्हणजे व्यवहार स्थगित होऊनही देणं बुडालं नाही. भाव बाजारात ठरायचा तो बंद खोलीत ठरला, एवढाच फरक.

तीन वर्षांनी हाच खेळ पुन्हा झाला, पण शेवट वेगळा. मेम्फिसच्या क्लॅरेन्स सॉन्डर्सने १९१६ मध्ये 'पिगली विगली' हे किराणा दुकान काढलं, जिथे गिऱ्हाईक स्वतःच फळीवरून माल उचलत असे. आजच्या सुपरमार्केटची ही आजी. १९२२ च्या अखेरीस न्यूयॉर्क भागातली याच नावाची काही स्वतंत्र मालकीची दुकानं बुडाली आणि मंदीवाले शेअरवर तुटून पडले. सॉन्डर्सने सुमारे एक कोटी डॉलरचं कर्ज उभारून खरेदी सुरू केली. मार्च १९२३ मध्ये २,००,००० पैकी १,९८,८७२ शेअर त्याच्या ताब्यात होते.

२० मार्चला त्याने डिलिव्हरी मागितली. नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वादोनपर्यंत शेअर द्यायला हवे होते. भाव १२४ डॉलरपर्यंत उसळला. मग बाजाराने व्यवहार स्थगित केले, शेअर यादीतून काढला आणि डिलिव्हरीची मुदत काही दिवस वाढवली. तेवढे दिवस पुरले. गावोगावच्या छोट्या भागधारकांच्या कपाटांत पडलेले शेअर शोधून मंदीवाल्यांनी देणं फेडलं. सॉन्डर्सने आधी १५० डॉलर मागितले होते, पुढे त्याला १०० वर उतरावं लागलं. हातात ढीगभर शेअर, डोक्यावर कर्ज आणि विकायला बाजारच नाही. त्याच वर्षी त्याची कंपनी त्याच्या हातून गेली आणि पुढे त्याचं दिवाळं निघालं. त्याने बांधायला घेतलेला गुलाबी संगमरवराचा वाडा मेम्फिसमध्ये आजही संग्रहालय म्हणून उभा आहे. रायनही वाचला नाही, १९२२ मध्ये तोही दिवाळखोर झाला.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एक फरक दिसतो. स्टट्झमध्ये शॉर्टवाल्यांना वेळ मिळाला, पण बाहेर शेअरच उरले नव्हते. पिगली विगलीत हजारभर शेअर बाहेर होते, आणि मिळालेली मुदतच निर्णायक ठरली. अडकलेल्या सौद्यात बाजार वस्तू देऊ शकत नाही, पण वेळ देऊ शकतो. आणि कुणाला वेळ द्यायचा, हे ठरवणाऱ्याच्या हातात निकाल असतो.

आपल्याकडेही हे घडलंय. १९८२ मध्ये रिलायन्सचे शेअर शॉर्ट करणाऱ्या मंदीवाल्यांकडे समोरच्या खरेदीदारांनी डिलिव्हरी मागितली, तेव्हा मुंबई शेअर बाजार तीन दिवस बंद राहिला होता.

आता ज्युनियरच्या प्रश्नाकडे. त्याचं देणं वस्तूतलं होतं, म्हणून भाव अडकला तरी ते थांबलं नाही. पण आज शेअर वेळेत दिले नाहीत तर ते ऑक्शनमध्ये घेतले जातात, आणि तिथेही मिळाले नाहीत तर आधीच ठरलेल्या सूत्राने पैशात हिशेब मिटवला जातो. साखर नसेल तर साखरेचे पैसे, तेही चढ्या दराने. हे सूत्र कडक आहे, त्याचा खिसा चांगलाच हलका झाला. तरी ते सौद्याच्या आधी छापलेलं होतं, आणि समोर कोण आहे हे बघून ते बदललं नाही. रायनला हे मिळालं नव्हतं आणि सॉन्डर्सलाही नाही.

मी हे सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मी नियम वाचायला हवे होते." मी म्हटलं, हो. आणि खरं सांगायचं तर मीही ते पीएच.डी.ला लागल्यावरच वाचले.