तळटीप : हलके दगडी कंगोरे
१. लेखकाने उल्लेखिलेले हे कंगोरे वस्तुतः दगडाचे नसून, घनमीटरास जेमतेम 15 ते 30 किलोग्रॅम भरणाऱ्या थर्माकोलच्या गाभ्यावर काचतंतूंची जाळी व पॉलिमरमिश्रित सिमेंटचा पातळ लेप चढवून सिद्ध केलेले असतात. सोलापूरकडील काळा पाषाण याच मापास सुमारे 2,800 किलोग्रॅम भरत असल्यामुळे घरमालकांस ही युक्ती मंजूर व्हावी, हे स्वाभाविकच होय. तथापि अप्पासाहेब वारद यांनी बांधविलेल्या, पुढे सोलापूर महानगरपालिकेची कचेरी झालेल्या इंद्रभुवनाच्या नक्षीदार दर्शनी भागाशी या कंगोऱ्यांची बरोबरी करणे आम्हांस रुचत नाही. वैशाखात 40 अंशांवर जाणाऱ्या उन्हाने सांध्यांत केसाएवढी चीर पडली, की पावसाचे पाणी लेपामागे शिरून पापुद्रे सुटू लागतात. म्हणून सांधे लवचिक भरणाने बुजविणे व कंगोऱ्याच्या माथ्यास बाहेर उतार देणे अगत्याचे आहे. — संपादक