उंटावरून स्कॉटलंडला

आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक मुलगा राहतो. इंजिनिअरिंगला आहे, मराठी ख्रिस्ती कुटुंब, मूळ नगरकडचं. काही वर्षांपूर्वी तो चर्चच्या ग्रुपबरोबर सहलीला निघाला होता. कैरो, सिनाईचं वाळवंट, सेंट कॅथरीनचा मठ, पेट्रा, नेबो पर्वत असा सगळा बायबलमधला नकाशा. जायच्या आधी त्याने मला विचारलं, "काका, आपल्या इकडून पूर्वी असं कुणी गेलं असेल का हो? विमानं नव्हती तेव्हा?"

मी नेहमीप्रमाणे "बघतो" म्हणालो आणि शनिवार-रविवार दोन्ही त्यातच गेले. (बायकोने सांगितलेली भाजी राहिली ती राहिलीच.) पुण्याचा कुणी मिळाला नाही, पण मुंबईचा मिळाला. १८४३ साल, वय साधारण वीस, आणि तोही विद्यार्थीच. नाव धनजीभाई नौरोजी.

नावावरून कळलंच असेल, जन्माने पारशी. गाव गुजरातेत भडोचकडचं. शिकायला मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेत. हे विल्सन म्हणजे ज्यांच्या नावाने आज चौपाटीवर विल्सन कॉलेज उभं आहे तेच. स्कॉटिश मिशनरी, पण डोकं संशोधकाचं. मराठी, गुजराती, संस्कृत, हिब्रू येत होतं. गिरनारच्या अशोकाच्या शिलालेखाची नक्कल काढून कलकत्त्याला प्रिन्सेपकडे पाठवणारे हेच. १८३२ साली त्यांनी चक्क मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं होतं, आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल म्हणजे शनिवार तेली मंडळींसाठी!

१ मे १८३९ ला धनजीभाईंनी बाप्तिस्मा घेतला. चार दिवसांनी होरमसजी पेस्तनजी या दुसऱ्या पारशी तरुणाने घेतला. आणि मुंबईत अक्षरशः आग लागली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. नातेवाइकांचं म्हणणं, मुलाला मिशनऱ्यांनी अडकवून ठेवलंय. कोर्टाने मुलालाच विचारलं, तुला कुठे जायचंय? तो म्हणाला, विल्सनसाहेबांकडे. सोळा-सतरा वर्षांचं पोर, भरलेलं कोर्ट, समोर स्वतःची माणसं. पारशी पालकांनी शाळेतून मुलं धडाधड काढून घेतली.

ह्याचं वजन पुणेकराला लगेच कळावं. आपल्याकडे पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा घेतला म्हणून १८९० साली केवढं ग्रामण्य झालं, टिळक आणि रानड्यांसारख्यांनासुद्धा प्रायश्चित्ताच्या वादात ओढलं गेलं. आणि ते चहाचं प्रकरण. इथे पन्नास वर्षं आधी आख्खा धर्मच बदलला होता. परतीचं दार बंद.

१८४३ च्या जानेवारीत तब्येत ढासळली म्हणून विल्सन रजेवर मायदेशी निघाले आणि ह्या शिष्याला पुढच्या शिक्षणासाठी बरोबर घेतलं. सुएझ कालवा अजून व्हायचा होता (तो १८६९ चा). आगबोट मुंबईहून एडनमार्गे सुएझला सोडायची, तिथून वाळवंट तुडवत कैरो, मग पुढे युरोपची बोट. बहुतेक प्रवासी हा टप्पा नाक धरून उरकायचे. विल्सननी उलट केलं. कैरोहून पुन्हा वाळवंटात शिरले. सिनाई, पेट्रा, हेब्रॉन, जेरुसलेम अशी लांबची वाट धरली. बायबलमधली ठिकाणं कागदावर वादविवादात अडकलेली होती, ती डोळ्यांनी बघायची होती. उंटावरून शेळ्या हाकणारे विद्वान तेव्हाही पुष्कळ होते, हे निदान खऱ्या उंटावर तरी बसले!

त्या काळी हा प्रवास कसा व्हायचा ते वाचताना मला फार मजा आली. बेदुइन टोळीच्या शेखशी करार करायचा: इतके उंट, इतकी माणसं, इतके पैसे. टोळीची हद्द संपली की पुढच्या टोळीशी नवा करार. पाणी कातड्याच्या पखालीत. अंतर मैलात नाही तर तासात मोजायचं. उंट तासाला साधारण चारेक किलोमीटर चालतो, तो न थकता त्याच चालीने जातो, म्हणून घड्याळ आणि होकायंत्र एवढ्यावर नकाशे तयार व्हायचे. एडवर्ड रॉबिन्सन या अमेरिकन अभ्यासकाने १८३८ मध्ये असंच सिनाई मोजलं होतं. जीपीएसच्या पणजोबांचं काम उंटाने केलंय म्हणायचं.

ह्या सगळ्याचं मूळ मोशेची गोष्ट. इजिप्तच्या गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक तांबडा समुद्र ओलांडून ह्याच वाळवंटात चाळीस वर्षं फिरले. गंमत म्हणजे होरेबपासून कनानच्या वेशीवरच्या कादेश-बर्ण्यापर्यंतची वाट अकरा दिवसांची, असं बायबलच (अनुवादाच्या पुस्तकात) सांगतं. अकरा दिवसांचं एस्टिमेट आणि चाळीस वर्षांनी डिलिव्हरी! आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी हसू नये.

सिनाई पर्वताच्या पायथ्याशी सेंट कॅथरीनचा मठ. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने बांधलेला. आजच्या सहलीची बस दारापर्यंत जाते, पण तेव्हा मठाला वापरातलं दारच नव्हतं. टोळ्यांच्या भीतीने बुजवलेलं. भिंतीत वर उंचावर एक खिडकी, तिथून दोर खाली यायचा आणि पाहुण्याला सामानासारखं वर ओढून घ्यायचे. ह्यांच्यानंतर पुढच्याच वर्षी, १८४४ च्या मे महिन्यात, टिशेनडॉर्फ नावाचा जर्मन पंडित ह्याच मठात गेला आणि त्याला चौथ्या शतकातल्या ग्रीक बायबलची पानं मिळाली, जगातल्या सर्वांत जुन्या प्रतींपैकी एक.

मला मात्र राहून राहून धनजीभाईंचं वाटत राहिलं. बायबलमध्ये त्याच्या पूर्वजांचेच राजे आहेत! बॅबिलोनमध्ये कैदेत असलेल्या यहुद्यांना घरी जाऊ देणारा कोरेश म्हणजे इराणचा सायरस, आणि यशयाच्या ग्रंथात त्याला देवाचा अभिषिक्त म्हटलंय. परजातीच्या राजाला एवढा मान! हेब्रॉनहून जेरुसलेमला जाताना बेथलेहेम लागतं. तिथे बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून जे मागी आले, त्यांचं नावच मुळी इराणी पुरोहितांचं. अशी दंतकथा आहे की इ. स. ६१४ मध्ये इराणी फौजेने मुलुख जाळला तेव्हा बेथलेहेमचं चर्च तेवढं वाचलं, कारण भिंतीवरच्या चित्रातले मागी सैनिकांना आपल्या पोशाखातले दिसले. ज्याला आपल्या लोकांनी टाकलं तो मुलगा तिथे पोचतो, आणि गोष्टीत आपलेच लोक आधी येऊन गेलेले!

त्याच साली, १८४३ मध्ये, इकडे मुंबईत नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद याचा खटला गाजला. श्रीपाद अज्ञान म्हणून कोर्टाने बापाच्या हवाली केला आणि बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घेण्यासाठी जिवाचं रान केलं. श्रीपादाला निदान ती वाट होती. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ एक गाव वसवलं, नाव ठेवलं बेथेल. म्हणजे बायबलचं एक स्थळ आपल्या मराठवाड्यातही आहे, उंटाशिवाय जाता येतं.

असो. मंडळी एडिंबरोला पोचेपर्यंत स्कॉटलंडचं चर्चच फुटून दोन झालं होतं, विल्सन फ्री चर्चमध्ये गेले. धनजीभाई तिथे शिकले, १८४६ मध्ये पाद्री म्हणून दीक्षा घेतली आणि मुंबईला परतले. विल्सननी १८४७ मध्ये प्रवासावर 'द लँड्स ऑफ द बायबल' हे दोन जाडजूड खंड छापले. इंटरनेटवर फुकट मिळतात. विषय अर्थातच ठिकाणं, दगड, शिलालेख, वाटा. शिष्य त्यात सहप्रवासी. त्याची स्वतःची आत्मकथा 'फ्रॉम झोरोआस्टर टू क्राइस्ट' छापली गेली १९०९ मध्ये, गुरूच्या पुस्तकानंतर बासष्ट वर्षांनी.

शेजारच्या मुलाला मी हे सगळं जायच्या आदल्या रात्री सांगितलं. बॅग भरणं चालू होतं, आई चिवड्याचे डबे कोंबत होती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि काका, परत आल्यावर तो घरी गेला का?"

आई डबा तसाच हातात धरून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, कुठलं घर, ते सांग आधी.