माझगावची गोदी आणि हाताचं कसब



आज आपण समुद्राकडे जाणार आहोत. आपल्या परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. आपलं पाणी दुधनेतून पूर्णेत, पूर्णेतून गोदावरीत जातं आणि शेवटी पार तिकडे बंगालच्या उपसागराला मिळतं. मग जहाजाच्या कारखान्याशी आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. पण मुंबईच्या माझगाव डॉकची गोष्ट आपल्या बचत गटांनी ऐकण्यासारखी आहे. हाताचं कसब कसं येतं, कसं टिकतं आणि कसं निघून जातं, हे त्या गोष्टीत नीट दिसतं.

आधी गोदी म्हणजे काय ते पाहू. आपल्या गावची गोल फिरत खाली उतरणारी बारव डोळ्यांपुढे आणा. चांगले घडीव दगड, पायऱ्या आणि तळाशी पाणी. जहाजाची सुकी गोदीही अशीच खोल, दगडी, पायऱ्यापायऱ्यांची असते. फरक एवढाच, की बारवेत पाणी राहावं म्हणून खटाटोप असतो आणि गोदीतून पाणी जावं म्हणून. भरतीच्या वेळी जहाज आत घेतात, दार बंद करतात आणि पाणी काढून टाकतात. जहाज कोरडं उभं राहिलं की खालून तळ तपासायचा, कुजलेलं बदलायचं, फटी बुजवायच्या. काम झालं की दार उघडायचं, पाणी आत येतं आणि जहाज पुन्हा तरंगतं.

आपल्या महाराष्ट्रात हे काम जुनं आहे. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजं बांधायला सुरुवात केली. पुढे आंग्र्यांच्या काळात विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे वाघोटणच्या खाडीत खडक खोदून गोदी केली होती. ती जागा आजही पाहायला मिळते. फेब्रुवारी १७५६ मध्ये नानासाहेब पेशवे आणि इंग्रज एकत्र येऊन तुळाजी आंग्र्यांवर चालून गेले, आणि विजयदुर्गात आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. तरी तिथेच पुढे पेशव्यांचं आरमार धुळपांच्या हाताखाली उभं राहिलं. म्हणजे आगीनं जहाजं गेली, काम गेलं नाही. १८१८ मध्ये मराठ्यांचं राज्य गेलं आणि लढाऊ जहाज सांगणारं कुणी उरलं नाही. तेव्हा मात्र ते काम खरंच थांबलं. मच्छीमारांच्या होड्या करणारे सुतार टिकले, कारण मासेमारी चालू होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इकडे मुंबईत इंग्रजांनी १७३६ च्या सुमारास सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या पारशी कारागिराला आणलं. सोबत काही सुतार आले. १७५० मध्ये मुंबईत सुकी गोदी बांधली गेली. ती आशियातली पहिली मानली जाते. आज तो भाग नौदलाच्या गोदीत, कोटाच्या बाजूला आहे. वाडिया घराण्याकडे जवळपास दीडशे वर्षं मुख्य बांधणाऱ्याची जागा राहिली. जहाजाच्या तळाचं मुख्य लाकूड, म्हणजे त्याचा कणा, बसवताना चांदीचा खिळा ठोकायची रीत त्यांच्याकडे होती.

त्यांची जहाजं सागवानाची. सागात तेल असतं, त्यामुळे ते पाण्यात लवकर कुजत नाही आणि त्यातला लोखंडी खिळा गंजत नाही. इंग्लंडच्या ओक लाकडात खिळे गंजायचे. फळीला फळी खाच पाडून बसवायची आणि मधे कापूस आणि राळ भरायची. आपल्या शेतातल्या कापसासारखाच कापूस समुद्राचं पाणी अडवून धरत होता! १८१७ मध्ये मुंबईत बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ नावाचं जहाज आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये हार्टलपूल गावी तरंगतंय. तिथले लोक तिकीट काढून ते बघायला जातात. वाडियांची नावं इतिहासात राहिली. रंधा मारणाऱ्या आणि फटीत कापूस भरणाऱ्या शेकडो हातांची नावं मात्र आपल्याला सापडत नाहीत.

मग वाफेची आणि लोखंडाची जहाजं आली. वाडिया काही हात बांधून बसले नाहीत. त्यांच्यातले दोन तरुण, जहांगीर नौरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी, १८३८ मध्ये नवं काम शिकायला इंग्लंडला गेले. अर्देशीर खरशेदजी वाफेच्या यंत्रात इतके तयार झाले, की १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यांना सभासद करून घेतलं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. शिकण्यात कमी नव्हती. पण मोठी लोखंडी जहाजं इंग्लंडमध्येच बांधायची असं चालू झालं आणि मुंबईच्या वाट्याला मुख्यतः दुरुस्ती आली.

आता येते माझगावची गोदी. हार्बर लाईननं गेलात तर डॉकयार्ड रोड नावाचं स्टेशन लागतं, त्याच भागात. १७७४ मध्ये इथे एक लहान सुकी गोदी झाली. पुढे ती इंग्रजी आगबोट कंपन्यांकडे गेली आणि १९३४ मध्ये ‘माझगाव डॉक’ नावाची कंपनी झाली. इथेही जास्त काम दुसऱ्यांच्या जहाजांच्या डागडुजीचंच. दुरुस्तीला आपण कमी लेखतो. पण ज्यानं शंभर जहाजं उघडून बघितली त्याला ठाऊक असतं, की सांधा कुठे सुटतो, पत्रा कुठे झिजतो आणि बांधणाऱ्यानं कुठे घाई केली.

१९६० मध्ये सरकारनं ही गोदी ताब्यात घेतली आणि तिथे लढाऊ जहाज बांधायचं ठरवलं. आराखडा आणि मदत ब्रिटिश कंपन्यांची होती, हात आपले. २३ ऑक्टोबर १९६८ ला इंदिरा गांधींच्या हस्ते ‘नीलगिरी’ पाण्यात उतरली. ३ जून १९७२ ला ती नौदलात दाखल झाली. अशा एकामागोमाग सहा नौका बांधल्या. दर जहाजागणिक हात बसत गेला.

सातव्या वेळी आराखडाही आपलाच झाला, आणि त्या नौकेचं नाव होतं ‘गोदावरी’! ती १० डिसेंबर १९८३ ला नौदलात आली आणि बत्तीस वर्षं सेवा करून २०१५ मध्ये निवृत्त झाली. पूर्वेकडे वाहणाऱ्या आपल्या गोदामायचं नाव पश्चिमेच्या समुद्रावर फिरलं.

पुढचा भाग मात्र विचार करायला लावतो. माझगावला पाणबुड्या बांधायच्या ठरल्या. पाणबुडी खोल पाण्यात जाते, वरून प्रचंड दाब येतो. तिच्या जोडात केसाएवढी फट चालत नाही. आपल्या कामगारांनी जर्मन लोकांकडून ते वेल्डिंग शिकून घेतलं. १९९२ मध्ये ‘शाल्की’ ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी तयार झाली, १९९४ मध्ये ‘शंकुल’. आणि तिथे काम थांबलं. पुढची ऑर्डर आलीच नाही. डॉक बंद पडला नव्हता, दुसरी जहाजं होत होती. पण पाणबुडीचं काम शिकलेले हात हळूहळू पांगले, कुणी दुसऱ्या कामाला लागलं, कुणी निवृत्त झालं. नवा करार २००५ मध्ये झाला, फ्रेंच आराखड्यावर. तेव्हा पुष्कळशी शिकवणी पुन्हा करावी लागली. ‘कलवरी’ ही पाणबुडी नौदलात यायला डिसेंबर २०१७ उजाडला. शंकुलनंतर तेवीस वर्षं! त्यानंतर मात्र काम सलग चाललं, आणि त्या मालिकेतली सहावी ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ ला दाखल झाली.

मैत्रिणींनो, एवढ्या मोठ्या सरकारी कारखान्यातही काम थांबलं की कसब जातं. मग आपल्या गटांचं काय? गटांमध्ये फिरताना मी दरवेळी हेच बघते. शिवणकामाचं शिबिर होतं, तीन महिने बाया मन लावून शिकतात, प्रमाणपत्राचा फोटो निघतो. नंतर काम मिळत नाही आणि वर्षभरात मशीनवर धान्याचं पोतं ठेवलेलं दिसतं. लोक म्हणतात, बायांनी मनावर घेतलं नाही. मला ते पटत नाही. माझगावच्या वेल्डरनं मनावर घेतलं नव्हतं का? त्याच्यापुढे काम नव्हतं.

म्हणून शिबिर मागताना आपण विचारायला हवं, की शिकवल्यावर काम कोण देणार, किती दिवस देणार? शाळेचे गणवेश, अंगणवाडीचं साहित्य, काय ते आधी बोलून घ्या. आणि मोठी ऑर्डर येईपर्यंत दुरुस्तीला लाजू नका. ब्लाउज उसवून बसवून देणं, दप्तराची चेन बदलणं, जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणं, यावर पैसा थोडा मिळतो, पण हात चालू राहतो. माझगावची गोदी दुरुस्तीवरच इतकी वर्षं जगली आणि त्यातूनच बांधायला उभी राहिली.

येत्या बैठकीत एक करा. हिशेबाच्या वहीत एक पान सोडा आणि तीन रकाने आखा. कोणतं काम, कुणाला येतं आणि तिच्याकडून कोण शिकतंय. वाकळ, पापड, कुरड्या, बाळंतिणीची मालिश, बियाणं राखणं, सगळं लिहा. नावासकट लिहा. तिसरा रकाना जिथे रिकामा दिसेल, त्या कामापासून सुरुवात करा.

पुढच्या आठवड्यात भेटू. नमस्कार.