उसाचे बेट, परमुलखाचा भात

ज्या भूमीत पिकणारी साखर जगाच्या बाजारी जाते आणि ज्या भूमीतील माणसांच्या ताटात पडणारा भात व पाव मात्र गलबतांतून यावा लागतो, अशा भूमीचा इतिहास राजवटींच्या क्रमाने वाचण्यापेक्षा शिध्याच्या क्रमाने वाचणे अधिक फलदायी ठरते. मादागास्करच्या पूर्वेस हिंदी महासागरात वसलेले मॉरिशस हे अशा भूमीचे उत्तम उदाहरण होय. डच, फ्रेंच आणि इंग्रज असे तीन अंमल या बेटाने पाहिले आणि १२ मार्च १९६८ रोजी ते स्वतंत्र झाले. परंतु येथील प्रजेने कोणते कर्बोदक किती खावे, याचा निर्णय या सर्व काळात क्वचितच तिच्या स्वतःच्या शेतात झाला. ऊस म्हणजे सूर्यप्रकाशापासून साखर साठविण्याच्या कामी वनस्पतिसृष्टीतील अग्रगण्य पीक. ते एकरामागून एकर घेणाऱ्या बेटाला पिष्टमय अन्नासाठी बंदराकडे डोळे लावून बसावे लागावे, हा विरोधाभास निसर्गाने निर्माण केलेला नसून कारभाराने निर्माण केलेला आहे.

डचांनी १६३८ मध्ये येथे वसाहत केली आणि पुढच्याच वर्षी जावा बेटातून ऊस आणून लावला. तथापि उंदीर, वादळे आणि मनुष्यबळाची टंचाई यांपुढे हात टेकून १७१० मध्ये त्यांनी बेट सोडले. त्यानंतर आलेल्या फ्रेंचांना या बेटाचे महत्त्व वाटे ते हिंदुस्थानच्या वाटेवरील आरमारी ठाणे म्हणून. १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या माहे द ला बूर्दोने याने पोर्ट लुई बंदर बांधून काढले. परंतु खलाशी, सैनिक, वसाहतवाले आणि आफ्रिका व मादागास्करहून धरून आणलेले गुलाम या सर्वांच्या पोटाची तजवीज केल्यावाचून बंदराला अर्थ नाही, हे त्या धोरणी पुरुषाने तत्काळ ओळखले. मादागास्करचा तांदूळ येत असे, पण तो वाऱ्याच्या आणि तेथील राजेरजवाड्यांच्या मर्जीवर अवलंबून होता. म्हणून त्याने ब्राझीलमधून कसावा आणविला (आपल्याकडे साबुदाणा ज्या कंदापासून करतात तोच हा कंद) आणि मळेवाल्यांनी आपल्या गुलामांच्या संख्येच्या प्रमाणात त्याची लागवड केलीच पाहिजे, असा हुकूम काढला. प्रारंभी या कंदास विरोध झाला. परंतु वादळाने उभे पीक झोपले तरी कसाव्याचे कंद जमिनीखाली शाबूत राहत, आणि हा गुण अशा बेटावर कोणत्याही धान्यात नव्हता. १७६८ ते १७७० या काळात येथे राहून गेलेल्या बेर्नार्दँ द सँ-प्येर या लेखकाने गुलामांच्या अन्नाचे जे वर्णन केले आहे, त्यात दळून शिजविलेला मका आणि कसाव्याची भाकरी याच दोन गोष्टी प्रामुख्याने येतात.

सक्तीच्या त्या अन्नाचा एक वंशज आजही पाहावयास मिळतो. बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर माएबूरजवळ व्हिल न्वार येथे १८७० पासून एक कुटुंब कसाव्याची बिस्किटे करीत आले आहे. कंद धुवून सोलावयाचे, किसावयाचे, कीस दाबून त्यातील पाणी काढून टाकावयाचे, तो वाळवून दळावयाचा व चाळावयाचा, आणि मग ते ओलसर पीठ तापलेल्या पत्र्यावरील चौकोनी साच्यांत दाबून भाजावयाचे, हा तेथील क्रम. आणि पत्र्याखालच्या जाळासाठी वापरतात तो उसाचा वाळलेला पाला. गुलामाच्या भाकरीचा कंद आज चहाबरोबर कौतुकाने खाल्ला जातो, आणि ज्या पिकाने त्या कंदाची जमीन घेतली त्याचा पाचोळा त्याच्या चुलीला सरपण पुरवितो.

१८१० च्या डिसेंबरात बेट इंग्रजांच्या हाती गेले, तरी शिध्याच्या इतिहासातील खरी क्रांती झाली ती १८२५ मध्ये, जेव्हा ब्रिटिश पार्लमेंटने मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणली. त्या वर्षी दहा-अकरा हजार टनांच्या घरात असलेले साखरेचे उत्पादन तीस वर्षांच्या आत एक लाख टनांवर पोहोचले, आणि मका, कसावा, भाजीपाला यांच्या जमिनी एकामागून एक उसाखाली गेल्या. १८३५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली; तत्पूर्वीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अ‍ॅटलास’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईच्या धक्क्यास लागले होते. पुढील पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून अधिक हिंदी माणसे गिरमिटावर, म्हणजे मुदतबंद मजुरीच्या करारावर, या बेटावर उतरली. त्यांतील बहुसंख्य बिहार व मद्रासकडील होती. परंतु मुंबई बंदरातूनही हजारो लोक गेले आणि त्यांत रत्नागिरीकडील कोकणी मराठी माणसांचा भरणा मोठा होता.

या करारनाम्यांचे स्वरूप मोठे उद्बोधक आहे. महिना पाच रुपये वेतनाबरोबरच शिधाही त्यांत लिहिलेला असे: पुरुषास दररोज साधारणपणे दोन पौंड तांदूळ, त्याच्या जोडीला डाळ, मीठ आणि थोडे तेल. दोन पौंड म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम तांदूळ. त्यात ७०० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके. उसाच्या फडात सूर्योदयापासून राबणाऱ्या देहास एवढे इंधन आवश्यकच होते. आणि मळेवाल्याच्या दृष्टीने ते सर्वांत स्वस्त, न नासणारे व पोत्यांनी मोजता येणारे इंधन होते. कोकणातील गरिबाला घरी वर्षाचे अनेक महिने नाचणी-वरीवर काढावे लागत आणि भात हे सणासुदीचे अन्न वाटे. त्याच माणसाला येथे भात रोजचा झाला, मात्र नाचणी, कुळीथ, रानातील कंद आणि परसातील भाजी यांनी त्याच्या जेवणात जी विविधता होती तिला तो मुकला. कराराच्या एका ओळीने अशा रीतीने काही पिढ्यांची रुची ठरवून टाकली: कराराची मुदत संपली, शिधा देण्याची अट गेली, तरी भाताची सवय कायम राहिली.

हा तांदूळ प्रथम बंगालचा आणि पुढे मुख्यत्वे ब्रह्मदेशाचा असे. साखर बाहेर, तांदूळ आत, असा हा व्यवहार इतका सुरळीत चालला होता की त्यातील धोका कोणास जाणवेना. तो जाणवला मार्च १९४२ मध्ये, जेव्हा जपान्यांनी रंगून घेतले आणि भाताचे मूळच तुटले. सरकारने तातडीने शिधावाटप सुरू केले आणि साखर मळ्यांनी आपल्या जमिनीचा ठरावीक हिस्सा मका, कसावा, रताळी यांच्या लागवडीस दिलाच पाहिजे अशी सक्ती केली. म्हणजे ला बूर्दोनेचा दोनशे वर्षांपूर्वीचा हुकूमच नव्या मोहोरेने पुन्हा निघाला. परंतु मधल्या शतकात भाताची प्रतिष्ठा अशी काही रुजली होती की मक्याचे पीठ लोकांच्या गळी उतरेना. त्यातच १९४५ च्या प्रारंभी लागोपाठ आलेल्या चक्रीवादळांनी उभी पिके झोडपली. युद्ध संपताच जहाजे सुरळीत झाली आणि मळेवाले पुन्हा उसाकडे वळले.

युद्धोत्तर काळात हिवतापाचे निर्मूलन झाले व लोकसंख्या झपाट्याने वाढली: १९४४ मध्ये सव्वाचार लाखांच्या आत असलेली वस्ती १९६२ मध्ये पावणेसात लाखांपलीकडे गेली. तेव्हा उसाच्या दोन ओळींमधील मोकळ्या जागेत बटाटा व मका घेण्याचे प्रयोग झाले आणि बटाट्यापुरते ते चांगलेच यशस्वी ठरले. भात मात्र बाहेरचाच राहिला. १९७३ मध्ये साखरेचे उत्पादन सात लाख टनांवर गेले, आणि त्या परकीय चलनातून सरकारने तांदूळ व गव्हाचे पीठ सवलतीच्या दराने पुरविण्याचे धोरण चालू ठेवले. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी व्यापार महामंडळाकडे या जिनसांची आयात गेली. मळ्यावरचा शिधा असा राज्यव्यापी झाला; गोऱ्या मालकाचे गोदाम जाऊन त्याजागी लोकनियुक्त सरकारचे गोदाम आले, एवढाच काय तो फरक.

स्वस्त पिठाने मात्र ताटाचे रूप पालटले. फ्रेंच धाटणीचा लांब पाव सर्व जातीधर्मांच्या न्याहारीत आला, आणि रस्त्यावर ‘धोल पुरी’ हे जवळजवळ राष्ट्रीय खाद्य झाले. शिजवून वाटलेली पिवळी डाळ मैद्याच्या पातळ पोळीत भरून ती तव्यावर मऊसूत भाजतात, आणि वालासारख्या मोठ्या दाण्यांचे कालवण, टोमॅटोचा रस्सा व मिरचीची चटणी घालून दोन-दोनच्या जोडीने कागदात गुंडाळून देतात. आपल्या पुरणपोळीची ही बिनगोड बहीणच म्हणावयाची. भोजपुरी हात, परदेशी गहू आणि क्रिओल कालवण यांचा हा संगम रुचकर आहे यात संशय नाही. परंतु बेटावर पिकलेले असे त्यात फार थोडे असते.

आता देह बदलला नसला तरी श्रम बदलले. फडातील माणूस कापडाच्या गिरणीत, हॉटेलात, कचेरीत गेला. ९०० ग्रॅम तांदूळ जाळणारे कष्ट उरले नाहीत, पण भात, पाव आणि साखर यांची रेलचेल उरली. १९८७ च्या आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे १४ टक्क्यांना मधुमेह असल्याचे आढळले, आणि २०१५ च्या पाहणीत हे प्रमाण २० टक्क्यांच्या घरात गेलेले दिसले. २०१३ मध्ये सरकारने गोड पेयांतील साखरेवर, ग्रॅमच्या हिशेबाने, कर बसविला. ज्या साखरेची जकात १८२५ मध्ये उतरली म्हणून हे बेट आजच्या रूपास आले, त्याच साखरेवर १८८ वर्षांनी त्याच बेटाला स्वतःच्या प्रजेसाठी कर लावावा लागला.

अन्नपुरवठ्याचे शास्त्र माणशी किती कर्बोदके उपलब्ध झाली याचा आकडा देते, आणि त्या आकड्याने पाहता मॉरिशसची कहाणी टंचाईकडून विपुलतेकडे झालेल्या प्रवासाची आहे, हे मान्यच करावे लागेल. परंतु कसाव्याची सक्ती, गिरमिटाचा शिधा, रंगूनचा पाडाव, सवलतीचे पीठ आणि साखरेवरील कर या साऱ्यांत एक सूत्र आहे: येथील उपासमारही कागदावर ठरली आणि येथील समृद्धीही. आजही या देशाचे सुमारे तीन चतुर्थांश अन्न बाहेरून येते. म्हणून त्याच्या पोटाचा इतिहास जाणू इच्छिणाऱ्याने पीकपाण्याच्या नोंदींआधी जकातीच्या वह्या उघडाव्यात. आणि उद्या तेथे काय शिजेल याचा अंदाज बांधावयाचा असेल, तरीही त्याच वह्या चाळाव्यात.