शिदोरी घेऊन निघालेलं फंक्शन

मंडळी, आजचा विषय तांत्रिक आहे, पण वाट शेतातून जाते. तेव्हा लगेच पळू नका.

शिरूर-दौंडकडच्या शेतकऱ्यांना 'पीक कापणी प्रयोग' नवा नाही. शेतात मोजून तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं आणि त्यावरून हेक्टरी उत्पादन काढायचं. पीक विम्याची भरपाई ठरवताना हाच आकडा धरतात. 1940 च्या दशकात ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत आपले पां. वा. सुखात्मे होते. तुकडा फार लहान असला की कडेची रोपं आत ओढली जातात आणि उत्पादन फुगतं, हे त्यांनी 1946 मध्ये मांडलं. थोडक्यात, वजनासोबत तुकड्याचं माप हवंच.

आता संगणकाकडे. समजा शिरूरच्या बाजरीचा तुकडा 50 चौरस मीटर आणि दौंडच्या दुसऱ्या एखाद्या पिकाचा 100. मी असं एक फंक्शन लिहितो, की त्याला माप दिलं की प्रोग्रॅम चालू असतानाच ते नवं फंक्शन बनवून देतं. शिरूरचं वेगळं, दौंडचं वेगळं. पुढे नुसतं वजन द्यायचं, हेक्टरी आकडा घ्यायचा.

मेख इथे आहे. नव्या फंक्शनला आपलं माप आठवणार कसं?

बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि मंडळींनी 1976 पासून घडवलेल्या 'एस' भाषेत 1988 पर्यंत फंक्शन ही इतर डेटासारखीच हाताळायची वस्तू झाली होती. पण आतल्या फंक्शनला एखादं नाव स्वतःजवळ सापडलं नाही, तर ते आपल्या जन्मदात्याकडे बघायचंच नाही, थेट सामाईक जागेत शोधायचं. तिथे त्याच नावाने 100 पडलेले असले तर शिरूरच्या 6 किलो बाजरीचे हेक्टरी 12 क्विंटलऐवजी 6 क्विंटल होणार. भरपाईची रेषा समजा 10 क्विंटलवर असली तर? निकालच उलटा! आणि एररही येत नाही हो, हे जास्त वाईट.

1990 च्या दशकात ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी 'आर' लिहायला घेतली. रूप 'एस'चं, पण आतली बैठक 1975 च्या 'स्कीम' भाषेची. त्यामुळे 'आर'मधलं फंक्शन जिथे जन्मतं तिथली नावं शिदोरीसारखी बांधून घेतं. गावाबाहेर गेलं तरी घरची भाकरी सोबत. माझ्या मते त्या दोघांनी केलेली ही सगळ्यात मोठी सुधारणा. आलेख वगैरे नंतर.

एक खोड मात्र राहिली. 'आर' आळशी आहे. दिलेली किंमत गरज पडेपर्यंत बघतच नाही. म्हणून 'लॅपप्लाय'ने एकदम दहा फंक्शनं बनवली की दहाही शेवटचंच माप धरून बसायची. 2015 च्या 3.2.0 आवृत्तीत तिथली खोड गेली. 'फॉर' लूपमध्ये अजूनही 'फोर्स' लिहावं लागतं, म्हणजे शिदोरी निघायच्या आधीच बांधली जाते.