पोटाचे पथ्य : काय सोडावे आणि किती दिवस सोडावे?

जेवण होऊन अर्धा तास उलटत नाही तोच पोट फुगणे, खालच्या भागात मुरडा येणे, शौचाला जाऊन आल्यावर थोडे बरे वाटणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कधी आठवडाभर जुलाब, कधी चार-चार दिवस कोठा जड. रक्त, शौच, सोनोग्राफी, सगळ्या तपासण्या 'नॉर्मल'. अशी तक्रार वर्षानुवर्षे अंगावर काढणारी माणसे गावोगाव आढळतात. तिला कोणी 'जुनी आव' म्हणतात, कोणी 'कोलायटिस', तर कोणी नुसतेच 'गॅसेस'. आधुनिक वैद्यकात तिचे नाव आहे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, संक्षेपाने आयबीएस. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या कार्यगटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सर्वसामान्य लोकांपैकी सुमारे ४ टक्के व्यक्तींमध्ये ही लक्षणे आढळल्याची नोंद आहे.

या दुखण्यावर घरोघरी केला जाणारा पहिला उपाय म्हणजे 'सोडणे'. आधी दूध सुटते, मग डाळ, मग वांगे, मग तिखट, पुढे गहू. प्रत्येक शेजारी आणि प्रत्येक वैद्य यादीत एकेका पदार्थाची भर घालतो. यादीतून पदार्थ कमी मात्र कोणी करीत नाही. अशा रीतीने दोन-चार वर्षांत भात आणि ताकावर येऊन ठेपलेला रुग्ण पोटाच्या दुखण्याने नव्हे, तर कुपोषणाने खंगतो. पथ्य उपयोगी पडते, हे खरे. परंतु ज्या पथ्याला आज वैद्यकीय आधार आहे, ते मुदतीचे आहे आणि त्याचा अर्धा भाग सोडण्याचा, तर अर्धा भाग पुन्हा खाण्याचा आहे.

निदान आधी

आयबीएसचे निदान २०१६ मध्ये ठरलेल्या 'रोम-४' निकषांवर केले जाते. गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी, तिचा शौचाशी संबंध, शौचाच्या वेळांत किंवा स्वरूपात बदल आणि तक्रार सुरू होऊन किमान सहा महिने झालेले असणे, असा त्यांचा आशय आहे. शौचावाटे रक्त जाणे, वजन घटणे, ताप, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीच्या आसपास प्रथमच सुरू झालेली तक्रार, यांपैकी काहीही असल्यास पथ्याचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. क्षयरोग, आतड्याचा कर्करोग आणि आतड्यांची दाहजन्य व्याधी यांची सुरुवातही अशीच होऊ शकते.

गहू सोडण्यापूर्वी सिलिॲक रोगाची रक्तचाचणी करून घेणे अत्यावश्यक आहे. या रोगात गव्हातील ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि गहू जन्मभर वर्ज्य करावा लागतो. गहू आधीच सोडला असेल, तर चाचणी खोटी 'निगेटिव्ह' येऊ शकते. चाचणीच्या वेळी रुग्ण नेहमीप्रमाणे पोळी खात असला पाहिजे, ही गोष्ट पुष्कळदा सांगितलीच जात नाही.

बाळापूरच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, तो पाण्याचा. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर किल्ला मिरवणारे हे तालुक्याचे गाव अकोल्याहून खामगावकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरला असून बाळापूर तालुक्यातील गावेही त्यात येतात. या पट्ट्यात भूगर्भातील पाण्यात क्षारांचे प्रमाण जास्त असते. पाण्यात सल्फेट किंवा मॅग्नेशियम अधिक असल्यास ते पाणी रेचकासारखे काम करते. म्हणूनच भारतीय मानकाने पिण्याच्या पाण्यातील सल्फेटची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास ४०० मिलिग्रॅम ठेवली आहे. बोअरचे पाणी पिताना जुलाब आणि बाहेरगावी गेल्यावर पोट ठीक, असा अनुभव असेल तर ताटातले पदार्थ काढण्याआधी पाण्याची तपासणी करून घ्यावी.

फॉडमॅप म्हणजे काय?

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील मोनाश विद्यापीठाचे पीटर गिब्सन आणि आहारतज्ज्ञ सू शेफर्ड यांनी २००५ मध्ये 'फॉडमॅप' ही कल्पना मांडली. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि पुढे आंबणाऱ्या काही शर्करांचे हे एकत्रित नाव आहे. त्यांत कांदा, लसूण व गव्हातील फ्रुक्टन, डाळी व कडधान्यांतील गॅलॅक्टन, दुधातील लॅक्टोज, काही फळे व मधातील जादा फ्रुक्टोज आणि फुलकोबी, अळिंबी इत्यादींतील सॉर्बिटॉल-मॅनिटॉल यांचा समावेश होतो.

या शर्करा आतड्यात पाणी ओढून घेतात आणि मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तेथील जिवाणू त्यांपासून वायू तयार करतात. हे प्रत्येकाच्या पोटात घडते. फरक इतकाच, की आयबीएसच्या रुग्णाचे आतडे अतिसंवेदनशील असते. निरोगी माणसाला जो ताण जाणवतही नाही, तो त्याला कळ होऊन जाणवतो. म्हणजे हे पदार्थ विषारी नाहीत आणि ही ॲलर्जीही नाही. सारा प्रश्न प्रमाणाचा आहे.

गहू सोडल्यावर बरे वाटणारे अनेक जण दोष ग्लुटेनला देतात. नॉर्वेत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, सिलिॲक नसलेल्या पण स्वतःहून ग्लुटेन सोडलेल्या ५९ व्यक्तींना पाळीपाळीने ग्लुटेन, फ्रुक्टन आणि यांपैकी काहीच नसलेले पदार्थ ओळखू येणार नाहीत अशा रीतीने देण्यात आले. सर्वाधिक त्रास फ्रुक्टनने झाला. 'ग्लुटेन-फ्री' छापलेली महागडी बिस्किटे घेण्याआधी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वऱ्हाडी ताटाचे गणित

परदेशी याद्या वाचून वऱ्हाडातील माणूस गोंधळतो, कारण तेथे पाव आणि पास्ता असतो. भाकरी, पिठले आणि ठेचा नसतो. प्रत्यक्षात जुने वऱ्हाडी ताट या पथ्याला निम्मे अनुकूलच आहे. ज्वारी कमी फॉडमॅपच्या गटात मोडते. ज्वारीचा पेरा घटून सोयाबीन वाढले, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला आणि दोन्ही वेळा पोळी हा नियम झाला, हा बदल फार जुना नाही. पथ्याच्या काळात पोळीऐवजी भाकरी आणि भात घेतला, की फ्रुक्टनचा मोठा वाटा आपोआप कमी होतो.

अडचण भाकरीसोबतच्या पदार्थांची आहे. पिठले, झुणका, पातोड्या आणि गोळ्यांची कढी हे सारे बेसनाचे, म्हणजे गॅलॅक्टनचे पदार्थ. तुरीचे घट्ट वरणही त्याच वर्गात येते. त्याऐवजी शिजवलेले मूग अर्ध्या वाटीपेक्षा कमी प्रमाणात बहुतेकांना सोसतात. डाळ रात्रभर भिजवून ते पाणी फेकून देण्याची जुनी पद्धत शास्त्रालाही मान्य आहे. काही शर्करा त्या पाण्याबरोबर निघून जातात.

कांदा आणि लसूण सोडणे सर्वांत कठीण. येथे एक सोय आहे : फ्रुक्टन पाण्यात विरघळतो, तेलात नाही. म्हणून तेलात लसूण परतून तो काढून टाकला आणि त्या तेलाची फोडणी दिली, तर स्वाद राहतो आणि त्रास टळतो. मात्र रश्श्यात किंवा सालनात शिजलेला कांदा नंतर वेचून काढण्याचा उपयोग नाही. तोवर त्याचा अंश रश्श्यात उतरलेला असतो. मटण, कोंबडी, मासे आणि अंडी यांत फॉडमॅप नसतात, त्रास होतो तो त्यांच्या वाटणाचा. कांदा-लसणाऐवजी हिंग चालतो. डबीतल्या हिंगपुडीत पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. चिमूटभर हिंगाने आयबीएसच्या रुग्णाला सहसा फरक पडत नाही, सिलिॲकच्या रुग्णाला मात्र पडतो.

तिखटाचा हिशेब वेगळा. मिरचीत फॉडमॅपचा प्रश्न गौण आहे, पण तिच्यातील कॅप्सेसिन संवेदनशील आतड्याला झोंबते. फळांपैकी आंबा, सफरचंद, कलिंगड आणि सीताफळ या काळात टाळावे. पपई, फार न पिकलेले केळे आणि एखादे लहान संत्रे बहुधा चालते. वांगे निष्कारण बदनाम आहे. माफक प्रमाणात ते या पथ्यात बसते. शेंगदाणेही बसतात. जवसाची चटणी तर उपकारकच ठरू शकते : पोट फुगणाऱ्या रुग्णांनी रोज चमचाभर जवस घेऊन पाहावे, असा सल्ला ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांत आहे. फक्त चटणीतला लसूण वगळावा. बद्धकोष्ठ असल्यास इसबगोल घ्यावा, गव्हाचा कोंडा नको.

मराठी घरांना पदार्थ वर्ज्य करणे नवे नाही. चातुर्मासात कांदा-लसूण सुटतो. उपवासाच्या दिवशी गहू, डाळ, कांदा यांपैकी काहीच पोटात जात नाही आणि भगर, राजगिरा, साबुदाणा, बटाटा यांवर दिवस निघतो. 'एकादशीला पोट बरे असते' असे सांगणारा रुग्ण नकळत डॉक्टरांना एक धागा देत असतो. आयुर्वेदातही चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीरोगावर स्वतंत्र अध्याय असून तेथे ताकाची थोरवी सांगितली आहे. नीट विरजलेल्या दह्यात लॅक्टोज दुधापेक्षा कमी असते, त्यामुळे दूध न सोसणाऱ्या काहींना ताक सोसते. काहींना तेही सोसत नाही.

पुन्हा खाण्याची परीक्षा

पथ्याचा पहिला टप्पा दोन ते सहा आठवड्यांचा. आराम पडल्यास दुसरा टप्पा लगेच सुरू करायचा. इतर पथ्य कायम ठेवून एका वेळी एकच शर्करा तपासायची. लॅक्टोजसाठी पहिल्या दिवशी अर्धा कप दूध, मग पाऊण, मग पूर्ण कप. तीन दिवसांत त्रास झाला नाही, तर दूध दोषी नाही. मध्ये दोन-तीन दिवस सोडून गव्हाची पाळी : एक पोळी, दीड, दोन. पुढे लसूण, कांदा, वरण, आंबा, प्रत्येक स्वतंत्र. गहू आणि कांदा दोन्हींत फ्रुक्टन असले, तरी एक सोसेल आणि दुसरा नाही, असे होऊ शकते. रोजचे जेवण, शौच आणि त्रास वहीत लिहून ठेवल्याशिवाय ही परीक्षा व्यर्थ आहे. तीन आठवड्यांपूर्वीचा कांदा कोणालाही आठवत नाही.

शेवटी हाती येते ती प्रत्येकाची स्वतःची छोटी यादी. बहुतेकांना एक-दोन गटांपुरतीच काळजी घ्यावी लागते.

पहिल्या टप्प्यावरच थांबून राहण्याचे नुकसान दुहेरी आहे. या शर्करा आतड्यातील बिफिडो जिवाणूंचे अन्न असल्याने त्या दीर्घकाळ बंद केल्यास त्या उपयुक्त जिवाणूंची संख्या घटते. शिवाय डाळ आणि दूध सुटल्यावर शाकाहारी घरात प्रथिने आणि कॅल्शियम यायचे कोठून? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. आधीच सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईने 'पोटाला मानवत नाही' म्हणून डाळ कायमची सोडणे हे पथ्य नव्हे, उपासमार आहे. लहान मुले, गर्भवती, कमी वजनाच्या व्यक्ती आणि मधुमेही यांनी आहारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय हा प्रयोग करू नये.

सर्वांनाच गुण येतो का?

नाही. मोनाशच्याच २०१४ च्या चाचणीत आयबीएसच्या ३० रुग्णांना २१ दिवस हा आहार दिला असता नेहमीच्या आहाराच्या तुलनेत लक्षणे बरीच कमी झाली. परंतु २०१५ मध्ये स्वीडनमध्ये ७५ रुग्णांवर झालेल्या तुलनेत हे कडक पथ्य आणि साधा सल्ला या दोहोंनी सारखाच, म्हणजे सुमारे निम्म्या रुग्णांना आराम पडला. साधा सल्ला म्हणजे वेळेवर आणि थोडे थोडे जेवणे, सावकाश चावणे, चहा-कॉफी, तळलेले आणि सोडायुक्त पेये कमी करणे. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीने २०२१ मध्ये या आहाराची शिफारस केली, तीही 'मर्यादित मुदतीचा प्रयोग' म्हणूनच.

त्यामुळे सुरुवात साध्या सल्ल्यापासून करावी. महिनाभरात फरक न पडल्यास फॉडमॅपचा प्रयोग करावा आणि सहा आठवडे काटेकोर पाळूनही पोट तसेच राहिले, तर पदार्थांची यादी आणखी वाढवू नये. पूर्वीचे जेवण पुन्हा सुरू करून डॉक्टरांना गाठावे. आतड्याची आकुंचने, जुलाब, बद्धकोष्ठ आणि आतडे-मेंदू यांच्यातील संदेशांवर काम करणारी औषधे उपलब्ध आहेत.